ग्लासातलं गिरमिट

सुताराच्या जुन्या पेटीत एक छोटं हत्यार असायचं. वर आडवी लाकडी मूठ, खाली टोकाला मळसूत्र असलेली पोलादी काडी. स्क्रू पिळण्याआधी लाकडात भोक पाडायला ते कामी यायचं. विजेच्या ड्रिलनं त्याला बाजूला सारलं, पण नाव अजून जुन्या कारागिरांच्या तोंडी आहे: गिरमिट. हा शब्द म्हणजे इंग्रजी ‘गिमलेट’चा मराठी अवतार. सुतारांनी तो ऐकला, जिभेवर घासून गुळगुळीत केला आणि कायमचा ठेवून घेतला. हल्ली मुंबई-पुण्यातल्या बारच्या मेनूकार्डावर हाच गिमलेट पुन्हा भेटतो. या खेपेला मात्र तो जिन, लिंबू आणि साखर यांचं थंडगार कॉकटेल होऊन आलेला असतो.

पेयाला हत्याराचं नाव का पडलं याच्या दोन कहाण्या आहेत. एक साधी: गिरमिटासारखं हे पेयही आत घुसतं, म्हणून. दुसरी रंगतदार. ब्रिटिश आरमारात १८७९ साली दाखल झालेले टॉमस गिमलेट नावाचे एक शल्यचिकित्सक होते. अधिकाऱ्यांनी लिंबाचा औषधी रस तोंड वाकडं न करता प्यावा म्हणून त्यांनी तो जिनमध्ये मिसळून द्यायला सुरुवात केली, असं म्हणतात. डॉक्टर खरे होते, १९४३ साली वारले. पण त्यांच्या मृत्युलेखांत या पेयाचा उल्लेखसुद्धा नाही. कॉकटेलच्या जगात दंतकथांना तोटा नाही. ही त्यातल्या त्यात बरी.

तीन जिन्नस, एक बरणी, थोडा बर्फ. यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटतं आणि नेमकं इथेच घरोघरी चुकतं. चुकणाऱ्यांचे पंथ दोन. पहिला पंथ अंदाजपंचे दाहोदरसेवाल्यांचा. बाटली तिरकी करायची, हात थांबेल तिथे थांबायचं, अर्धं लिंबू पिळायचं, गोडी कमी वाटली की लिम्का ओतायचा. दुसरा पंथ पोथीनिष्ठांचा. परदेशी पुस्तकात पाऊण औंस लिहिलंय म्हणून हे लोक साडेबावीस मिलिलिटर रस मोजतात आणि घोट घेऊन डोळे मिचकावले तरी म्हणतात, असंच असतं ते. प्रस्तुत लेखकाचं म्हणणं एवढंच, की कृती आपल्याकडच्या लिंबासाठी बदलायलाच हवी, पण ती माप हातात धरून बदलावी.

पोथीनिष्ठांचा पाया तसाही फार पक्का नाही. हॅरी मॅकएलहोन यांच्या १९२२ च्या पुस्तकात गिमलेट आहे, आणि १९३० साली हॅरी क्रॅडक यांनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलासाठी केलेल्या प्रसिद्ध पुस्तकातही आहे. दोन्हींत प्रमाण एकच: निम्मी प्लिमथ जिन, निम्मं रोझ कंपनीचं लाइम कॉर्डियल, म्हणजे साखर घालून टिकवलेला लिंबाचा रस. ताजं लिंबू नाहीच. सॅव्हॉयच्या कृतीत तर बर्फसुद्धा ऐच्छिक. रेमंड चँडलर यांच्या १९५३ च्या ‘द लाँग गुडबाय’ या कादंबरीतला टेरी लेनॉक्सही याच निम्म्या-निम्म्याचा आग्रह धरतो आणि ताज्या लिंबाच्या गिमलेटला नाकं मुरडतो. आज जगातले बहुतेक चांगले बारटेंडर ताज्या लिंबाचा रस आणि साखरेचा पाक वापरतात. म्हणजे ज्याला ‘अस्सल’ म्हणून मिरवलं जातं ते मुळातच बदललेलं आहे. ज्याला मूळ कृतीचं फारच प्रेम असेल त्यानं मे महिन्यातल्या दुपारी, पंख्याखाली बसून, अर्धा पेला कोमट जिन आणि अर्धा पेला गोड कॉर्डियल एकदा पिऊन पाहावं. प्रेम आटोक्यात येईल.

मग या कॉर्डियलला एवढं महत्त्व कसं आलं? त्यासाठी जहाजांवर जावं लागतं.

स्कर्व्ही हा रोग दर्यावर्दींचा काळ होता. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी शल्यचिकित्सकानं ‘सॅलिसबरी’ या जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन मिळालं. तीच जोडी आठवड्याच्या आत उभी राहिली. लिंडचा ग्रंथ १७५३ साली आला. आरमारानं लेमनचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली १७९५ साली. सरकारी फायली तिथेही बैलगाडीनंच जात असाव्यात.

पुढे जे घडलं ते ‘एका लिंबाऐवजी दुसरं चालतंय की’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्याजोगं आहे. मराठीत आपण जाड सालीच्या, मोठ्या, पिवळ्याधमक लेमनलाही लिंबू म्हणतो आणि पातळ सालीच्या गोल लाइमलाही लिंबूच म्हणतो. त्या काळचे इंग्रजही या शब्दांच्या बाबतीत असेच ढिसाळ होते; आरमारात ‘लाइम ज्यूस’ म्हणजे दोहोंपैकी कशाचाही रस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतलं लाइम घ्यायचं ठरलं. चवीला ते जास्त आंबट, म्हणजे औषध म्हणूनही जास्त कडक, असा हिशेब. तो साफ चुकला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक स्त्रियांनी तपासणी केली, तेव्हा ताज्या लाइमच्या रसाची स्कर्व्हीविरोधी ताकद लेमनच्या सुमारे चौथाई निघाली. साठवलेल्या रसात तर जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, गुण क जीवनसत्त्वाचा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. नाव तेच राहिलं, फळ बदललं आणि बदल कुणी तपासला नाही.

रस टिकवणं ही वेगळीच डोकेदुखी होती. आधी त्यात रम मिसळायचे. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातल्या लॉकलन रोझ यांनी १८६५ साली कंपनी काढली आणि १८६७ साली मद्यार्काशिवाय रस टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं; तेच हे कॉर्डियल. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबाचा रस देणं कायद्यानं बंधनकारक झालं. याला म्हणतात मुहूर्त साधणं. गंमत अशी की रसातली दारू काढून टाकणारी ही बाटली जहाजावर चढली आणि अधिकाऱ्यांनी तिच्यात पुन्हा दारू ओतली. साध्या खलाशांच्या वाट्याला रम यायची, ३१ जुलै १९७० या दिवसापर्यंत; जिन हे वरच्या मजल्यावरच्यांचं पेय.

रोझ यांनी पुढे कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर लाइमच्या बागा घेतल्या. तिथलं लाइम कोणतं? लहान, गोल, बियांनी भरलेलं, पातळ सालीचं, पिकलं की पिवळं पडणारं. मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटेल, कारण हे आपलं कागदी लिंबू. जात तीच. ते आशियातून अरबांबरोबर पश्चिमेकडे गेलं आणि स्पॅनिश लोकांबरोबर अटलांटिक ओलांडून पलीकडे पोचलं. १९२० च्या दशकात रोगानं डॉमिनिकाच्या बागा बसल्या. आज युरोप-अमेरिकेच्या बारमध्ये जे हिरवंगार, मोठं, बिनबियांचं लाइम कापलं जातं ते ‘पर्शियन’, म्हणजे वेगळं फळ. तेव्हा मूळ गिमलेटच्या जास्त जवळचं लिंबू लंडनच्या बारमध्ये नाही, ते दादरच्या मंडईत टोपलीत आहे. आणि परदेशी पुस्तकातला पाऊण औंस हा त्या पर्शियन फळाचा हिशेब आहे; आपलं लिंबू बहुधा जास्त आंबट आणि जास्त वासाचं.

‘आपलं लिंबू’ हेसुद्धा एक नसतं. श्रीगोंद्याचा शेतकरी सांगेल, हस्त बहाराचं लिंबू उन्हाळ्यात येतं आणि भाव खातं. पावसाळ्यातल्या आणि थंडीतल्या लिंबाचा रस निराळा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘साई सरबती’ वाण तर नावातच आपला उपयोग सांगतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका लिंबाला दहा-पंधरा रुपये मोजावे लागले होते, तेव्हा वाळकी, गोटीएवढी लिंबंसुद्धा लोकांनी मुकाट घेतली. त्या लिंबाचा चमचाभर रस आणि डिसेंबरातल्या रसरशीत लिंबाचा चमचाभर रस यांना एकच आकडा कसा लागू पडेल? लिंबू हातात घ्यावं, आकाराच्या मानानं जड लागलं तर ठेवावं, साल कागदासारखी पातळ आणि तुकतुकीत आहे ना ते पाहावं. हे कुणी मराठी माणसाला शिकवायला नको. भाजी घेताना सगळे हेच करतात. दारूचं नाव आलं की मात्र ही अक्कल पिशवीतच राहते.

आता जिनकडे. जिन म्हणजे मुळात नुसता स्पिरिट, ज्यात मसाल्यांचा वास उतरवलेला असतो. त्यातला राजा जुनिपर. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, आणि ‘हपुसा’ याच नावाची एक भारतीय जिन हिमालयातल्या जुनिपरपासून बनते. जुनिपरनंतरचा बहुतेक जिनमधला दुसरा मानकरी आपल्या डब्यातलाच: धणे. निळसर बाटलीतल्या, ‘बॉम्बे’ नाव मिरवणाऱ्या आणि इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये गाळल्या जाणाऱ्या त्या सुप्रसिद्ध जिनमध्ये धणे, कॅसिया, ज्येष्ठमध, कंकोळ, बदाम, लिंबाची साल असे दहा जिन्नस आहेत. कोल्हापुरी मसाला करणाऱ्या घराला यातली निम्मी यादी तोंडपाठ असावी. धण्यात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, त्याला स्वतःचाच लिंबूसर वास असतो. धणे चुरडून हुंगले की कळतं. जुनिपरमध्ये पाइनच्या झाडासारखा वास देणारं पाइनीन असतं आणि लिंबाच्या सालीतलं लिमोनीनही थोडं असतं. जिन आणि लिंबाचं जमतं ते यामुळे. ते आधीपासूनचे नातेवाईक आहेत.

गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगली जिन बनू लागली आहे; ‘ग्रेटर दॅन’ २०१७ साली आली आणि मग रांगच लागली. घरच्या गिमलेटसाठी साधी, जुनिपर ठळक असलेली जिन घ्यावी. गुलाबी रंगाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या वासाच्या जिनवर लिंबू पिळणं म्हणजे श्रीखंडावर फोडणी. भारतात बनणाऱ्या बहुतेक जिनमध्ये मद्यार्क ४२.८ टक्के असतो; परदेशी बाटलीत तो ४० असू शकतो किंवा ४७ही. लेबल वाचायला दोन सेकंद लागतात आणि त्या आकड्यावर साखरेचं प्रमाण हलतं.

सुरुवात कुठून करावी? आपल्याकडे पेग मोजायची सवय ३० आणि ६० मिलिलिटरची, ती इथे उपयोगी पडते. ६० मिलिलिटर जिन, २० मिलिलिटर ताजा गाळलेला लिंबाचा रस, २० मिलिलिटर साखरेचा पाक. एका बऱ्यापैकी लिंबातून एवढा रस निघतो. पाक म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, विरघळेपर्यंत गरम करून थंड केलेलं; एकतारीच्या भानगडीत पडू नये. पिठीसाखर टाळावी, तिच्यात मक्याचं पीठ मिसळलेलं असू शकतं आणि पेय गढूळ होतं. दाणेदार साखर थेट टाकली तर थंड रसात ती विरघळत नाही, तळाशी बसते, आणि शेवटचा घोट लहानपणच्या वाढदिवसाच्या सरबतासारखा लागतो.

शेकर नसला तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. बर्फ भरून दहा-बारा सेकंद जोरात हलवावं आणि चहाच्या गाळणीतून थंड केलेल्या पेल्यात गाळावं. गाळणीला चहाचा वास नसावा, एवढीच अट.

इथून पुढे खरी मजा, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. चव पाहायची ती गार झाल्यावर. थंडीनं गोडी दबते; वितळलेलं आइस्क्रीम भलतंच गोड लागतं ते याच कारणानं. कोमट मिश्रणाची चव घेऊन जो साखर कमी करतो, त्याला गार झाल्यावर दात आंबल्यासारखं होतं. चव पाहून झाली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही चहाच्या चमच्यानं. तो साधारण ५ मिलिलिटरचा असतो. आंबट वाटलं तर एक चमचा पाक. गोड वाटलं तर अर्धा चमचा रस, कारण रस पाकापेक्षा जास्त बोलतो. दोन्ही एकदम बदलले की काय कशामुळे झालं ते कळत नाही आणि माणूस पुन्हा पहिल्या पंथात जाऊन बसतो. जमलेला आकडा फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवावा, शेजारी तारीख आणि लिंबाचा मोसमही लिहावा. वर्षभरात त्या चिठ्ठीवर तीन-चार आकडे होतात, आणि त्या घराची कृती हीच.

कडवट लागलं तर दोष जिनचा नसतो, बहुधा हाताचा असतो. लाकडी पिळणीत लिंबू इतकं दाबायचं की साल आणि बिया चिरडल्या जाव्यात, ही आपल्याकडची काटकसर. शेवटचे दोन थेंब मिळतात आणि सगळा रस कडू होतो. पिळून ठेवलेला रसही वेळेनुसार कडवटपणाकडे झुकतो. डेव्ह अर्नल्ड या अमेरिकन कॉकटेलकारानं चाखण्याचे प्रयोग केले तेव्हा काही तास ठेवलेला, किंचित कडवट झालेला रस काहींना ताज्यापेक्षा आवडला. हा चवीचा प्रश्न. रात्रभर फ्रीजमध्ये उघडा राहिलेला रस मात्र कुणाच्याच चवीचा नसतो.

आणि मीठ. परदेशी बारमध्ये हल्ली ड्रॉपर लावलेली एक छोटी बाटली दिसते. तिच्यात मिठाचं पाणी असतं, बारटेंडर दोन थेंब टाकतो आणि समोरचा भारावून जातो. मीठ कडवटपणा दाबतं, आंबट-गोडाला उठाव आणतं, हे शास्त्रीयदृष्ट्या खरंच आहे. पण लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ न टाकणारी आजी महाराष्ट्रात कधी झाली नाही. घरच्या गिमलेटमध्ये दोन बोटांच्या टोकावर मावेल त्याच्याही निम्मं मीठ टाकावं. खारट लागलं तर जास्त झालं. लागलंच नाही, पण पेय एकदम जागं झालं, तर बरोबर. ज्या मंडळींना सरबताची चव पारखता येते त्यांना कॉकटेल जुळवता येईल की नाही ही शंका काढणं म्हणजे पोहे करता येणाऱ्याला उपमा जमेल का विचारण्यासारखं आहे.

बर्फाचा हिशेब मात्र आजीच्या सरबतात नव्हता, तो शिकावा लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. मुंबईच्या उकाड्यात ३० अंशांवर असलेलं १०० मिलिलिटर मिश्रण शून्यावर आणायला साधारण ३७ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे मूळ मिश्रणाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी पेल्यात आपोआप येतं, आणि ते यायलाच हवं. त्या पाण्याशिवाय गिमलेट घशाला चरचरतं. पण जिन फ्रीजरमध्ये, पाक फ्रीजमध्ये ठेवला की बर्फ फारसा वितळतच नाही, पेय जहाल होतं, आणि लोक दोष लिंबाला देतात. तिथे दोन-तीन चमचे थंड पाणी मोजून घालणं हाच उपाय. उलट बाजूनं, ट्रेमधून काढून दहा मिनिटं भांड्यात पडलेला, पाणी सुटलेला बर्फ वापरला तर पेय पांचट होतं. बर्फ शेवटी काढावा.

एवढं जमलं की कॉर्डियलकडे परत यावं, पण दुकानातल्या बाटलीकडे नको. बाटलीतल्या कॉर्डियलला शिजवल्यासारखी, गोळ्या-चॉकलेटची चव असते. काहींना तीच हवी असते, त्यांच्याशी वाद नाही. घरचं कॉर्डियल ही वेगळीच चीज आहे. बहुतेक लोक लिंबातला रस घेतात आणि साल कचऱ्यात टाकतात. लिंबाचा वास रसात फार थोडा असतो, तो असतो सालीच्या बारीक तेलग्रंथींत. सहा-सात लिंबं धुऊन, पुसून, सोलाण्यानं फक्त वरची रंगीत साल काढावी. आतला पांढरा गर आला तर कडवट होतं. या साली २०० ग्रॅम साखरेत चुरडून झाकून ठेवाव्यात आणि मुरू द्याव्यात. मुरणं हा शब्द मराठीत लोणच्याला आणि मुरांब्याला आहे, इथेही तोच योग्य. चार-पाच तासांत साखर ओलसर होते, तेल ओढून घेते, स्वयंपाकघरभर वास सुटतो. मग त्यातच १०० ते १२० मिलिलिटर ताजा रस घालून, गरम न करता, साखर विरघळेपर्यंत ढवळावं. गाळून फ्रीजमध्ये ठेवावं, आठवड्याच्या आत संपवावं. हे कॉर्डियल एकाच वेळी आंबट आणि गोड असतं, म्हणून ६० मिलिलिटर जिनला ३० मिलिलिटर पुरे, वर गरज वाटली तर चमचाभर ताजा रस. सॅव्हॉयच्या निम्म्या-निम्म्या प्रमाणापासून आपण बरेच लांब आलो, पण डॉमिनिकाच्या त्या लिंबाच्या जवळ गेलो.

या जुळवाजुळवीत पेयाचं नावही बदलू शकतं, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. साखर काढून सोडा घातला की ते रिकी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये जो रिकी नावाच्या गृहस्थामुळे हे नाव रूढ झालं. पिवळं लेमन, साखर आणि सोडा असेल तर टॉम कॉलिन्स. जेरी टॉमस यांच्या १८७६ च्या पुस्तकात ते आहे. उन्हाळ्यात सोड्याची वाट धरणं शहाणपणाचं, कारण बिनसोड्याचं गिमलेट लहान दिसतं पण लहान नसतं.

किती लहान नसतं, तेही सांगायला हवं. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटर जिनमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. बर्फाचं पाणी धरूनही पेल्यातलं पेय १८-१९ टक्क्यांचं, म्हणजे वाइनहून कडक, आणि लिंबू-साखर ते बेमालूम लपवतात. दारूचं कोणतंच प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं आहे. प्रमाण जुळवायच्या नादात एका संध्याकाळी चार पेले ‘तपासून’ पाहणारे हौशी असतात. चाखायला चमचा पुरतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण लागतं आणि घरी प्यायलाही परवाना लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं किंवा ठाऊक असून आठवत नाही. वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. तिथल्या वाचकानं, आणि न पिणाऱ्या सगळ्यांनी, तेच कॉर्डियल ३० मिलिलिटर घेऊन वर थंड सोडा ओतावा, मीठ विसरू नये. जिनच्या गैरहजेरीची फारशी कुणी चौकशी करत नाही.

कॉर्डियल गाळल्यावर गाळणीत साखरेनं माखलेल्या साली उरतात. त्या ताटात पसरून दोन दिवस उन्हात ठेवल्या की कुरकुरीत होतात. बरणीत भरून चहाबरोबर द्याव्यात. घरातली मुलं विचारतील, हे कशाचं आहे. लिंबाचं, एवढंच सांगितलं तरी ते खोटं नसतं.